कोळशाचा दहीभात

मे महिना लागला की माझ्या दवाखान्यात रोग्यांपेक्षा तक्रारदार जास्त होतात. फोन उचलावा तर पलीकडून दबका आवाज येतो, "डॉक्टरबाई, एक सांगायचं होतं. पण माझं नाव कोणाले सांगू नका." मला वाटावं, आता काहीतरी खूनखराबा ऐकायला मिळणार. निघतं ते असं, की बाजूवाल्याचा कुत्रा दुपारभर गच्चीवर बांधलेला आहे, जीभ हातभर बाहेर आली आहे, मालक आत घोरतोय, आणि आता आम्ही काय करायचं?

शेजाऱ्याच्या कुत्र्याचं काय करायचं, हा प्रश्न आमच्या अभ्यासक्रमात नव्हता. गाय अडली तर काय करायचं ते शिकवलं, म्हशीचं पोट फुगलं तर काय करायचं तेही शिकवलं. शेजारी फुगला तर काय करायचं, हे मात्र कोणी सांगितलं नाही. ते मी नागपूरच्या उन्हात शिकले.

मी मूळची गुरांची डॉक्टर. सरकारी नोकरीतली बरीच वर्षं भिवापूर-उमरेडकडे बैलांच्या आणि म्हशींच्या मागे गेली. तिकडच्या शेतकऱ्याला उन्हाचं काही सांगावं लागत नसे. ऊन तापू लागलं की तो बैल सोडून झाडाखाली नेणार, आधी बैलाला पाणी दाखवणार आणि मग स्वतः गडवाभर पाणी घटाघटा पिणार. निवृत्तीनंतर मानेवाड्याकडे घराच्याच पुढच्या खोलीत दवाखाना टाकला आणि कुत्र्यामांजरांच्या दुनियेत आले. इथे जनावर एक असतं आणि त्याच्याबद्दल मतं दहा असतात. ती दहाही मतं दवाखान्यात एकाच वेळी बोलतात.

ज्यांनी कुत्रा पाळलेला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. आपल्याला घाम येतो तसा कुत्र्याला येत नाही. पंजांच्या गाद्यांना येतो थोडासा, तो नसल्यातच जमा. त्याचा सगळा भार जिभेवर. नागपूरकरांना सांगताना मी म्हणते, जीभ हा कुत्र्याचा कूलर आहे. ओल्या जिभेवरून वारा खेळला तर आतलं रक्त गार होतं. पण भोवतालची हवाच तापलेली आणि कोंडलेली असेल, प्यायला पाणी नसेल, तर तो कूलर नुसता घरघर करतो आणि आतून जनावर तापत जातं. मग ते अडखळतं, लाळ गाळतं, नजर हरवल्यासारखं बघतं. अशा वेळी त्याला सावलीत न्यायचं, पोटाला, काखेत, पंजांना साधं पाणी लावायचं आणि पंखा सोडायचा. बर्फात बुडवायचं नाही, ओल्या चादरीत गुंडाळून बाथरूममध्ये कोंडायचं नाही. हे मी बोर्डावर लिहूनही पाहिलं. लोक बोर्ड वाचतात आणि शेवटी घरी जाऊन आपल्या मनाचंच करतात.

गांधीबागेतल्या एका कापडवाल्या शेठजींनी आपला पांढराशुभ्र पॉमेरियन न्हाव्याकडून गुळगुळीत करून आणला होता. चार दिवसांत त्याच्या पाठीची साल निघाली. शेठजी रडवेले होऊन म्हणाले, "मॅडम, बाल काढले तर गरमी कमी होईल ना?" मी म्हटलं, "शेठजी, दुकानाचं छप्पर काढलं तर दुकान थंड होईल का?" त्यांना ते एकदम पटलं. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी त्याला मलमलीचे कुडते शिवले, चांगले काजबटणवाले. तो पूर्ण उन्हाळा तो कुत्रा ओला कुडता घालून गल्ल्याशेजारी बसायचा आणि घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकांवर भुंकायचा. शेठजी म्हणत, पोरगा सांभाळणार नाही असा धंदा हा सांभाळतो.

पण सगळंच हसण्यासारखं नसतं. बर्फातल्या जातीचा एक निळ्या डोळ्यांचा कुत्रा एकदा माझ्या टेबलावर आला. मालक लग्नाला गेले होते, जेवून लगेच येतो म्हणून त्याला बंद गाडीत ठेवला होता. मी हात लावला तर चटका बसला. तो वाचला नाही. त्याची हळहळ मला अजून वाटते. तितकाच राग येतो तो लग्नाच्या लॉनबाहेर गाडीजवळून आलेल्या-गेलेल्या वऱ्हाडाचा. काचेतून पाहिलं असेल अनेकांनी, पण आत जाऊन मालकाला हाक कोणी मारली नाही. तेव्हापासून शेजाऱ्यांच्या फोनला मी कधी फालतू म्हटलं नाही.

विमलताई गजभियेंचा फोन मात्र दबक्या आवाजातला मुळीच नव्हता.

"मी विमल गजभिये बोलून राहिली. बाजूच्या भोयरचा कुत्रा मरून राहिला उन्हात. तुम्ही येता, का मी पोलिसात जाऊ?"

"तुम्ही त्यांना आधी सांगून पाहिलंत का?"

"सांगतलं नं! त म्हणते, माह्या कुत्र्याची फिकर मले हाये. आता मी काय करू? ह्या वयात भितीवरून उडी मारू काय?"

हा आवाज म्हणजे जन्मभर बालवाडीच्या पोरांना गप्प केलेला आवाज. विमलताई बालवाडीच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांना मी माझं ठरलेलं उत्तर दिलं: शेजाऱ्याशी बोलायचं ते सकाळी बोला. दुपारच्या बाराला नागपुरात कोणी कोणाचं ऐकत नाही. आधी विचारा, मदत करते म्हणा, पाण्याचं भांडं मी भरून ठेवते म्हणा. तक्रार करायचा हक्क आहेच, कायदाही आहे, पण पोलीस येऊन गेल्यावरही कुत्रा त्याच घरात राहतो आणि तुम्ही त्याच घराशेजारी. विमलताईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "झालं तुमचं? मंग या आता लवकर."

गेले. काय करणार?

नामदेवराव भोयर हे उमरेडकडच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेले. कुत्राही तिथलाच. खाणीजवळ सापडलेलं काळंकुट्ट पिल्लू त्यांनी अंगातल्या बंडीत घालून घरी आणलं आणि नाव ठेवलं कोळसा. मी दारात उभी राहिले तेव्हा बनियन-लुंगीवर भोयरजी बाहेर आले. त्यांच्या पाठीमागून एसीचा गारवा माझ्या तोंडावर आला, इतका गोड, की मला वाटलं आधी थोडा वेळ इथेच उभं राहावं.

"कोणं बोलावलं तुमाले? बाजूच्या बाईनंच नं?" असं दरडावून झाल्यावर पुढच्याच श्वासात, "या, आत या. आंधी मठ्ठा घ्या. अहो, डॉक्टरबाईले मठ्ठा आना!" हे आमचं नागपूर. भांडण करायचं तरी पाहुण्याला काहीतरी गार दिल्यावर.

मठ्ठ्याचा पेला हातात देऊन भोयरजी बोलू लागले. "कोळशाले मी उन्हात बांधीन काय जी? पिल्लू होता तवापासून पोसला मी त्याले. मांगं त्याची जागा हाये. सावली हाये, फरशी हाये, पाणी हाये. आमच्या घरातली सगळ्यात थंडी जागा होय ते. इतके उन्हाळे तिथंच काढले त्यानं. त्या बाईले काय समजते?"

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. मला ती जागा दाखवायला भोयरकाकू मागच्या दारापर्यंत आल्या. घराची मागची भिंत आणि विमलताईंच्या बाजूची कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये एक चिंचोळी बोळ. ऊन खरोखरच येत नव्हतं. खिडकीला लोखंडी स्टँड. त्याच्यावर आजवर कूलर बसायचा. ज्यांनी नागपूरचा कूलर पाहिला नाही त्यांना सांगते, हा आमच्याकडचा घरचा माणूसच. तिन्ही बाजूंनी वाळ्याच्या ओल्या ताट्या, मध्ये पंखा, आणि खाली सतत टिपटिपणारं पाणी. त्या पाण्यावर खाली धोप्याची, म्हणजे अळवाची, पानं उगवतात, चिमण्या येतात, आणि कुत्रा असेल तर तो ओल्या फरशीवर पोट टेकून उन्हाळा काढतो. भोयरांचा कोळसा तसाच वाढला होता.

त्या वर्षी मात्र पुण्याच्या मुलानं आईबापांसाठी एसी पाठवला होता. कूलर निघाला. एसी बसवणाऱ्या पोराला आयतं स्टँड दिसलं, त्यानं बाहेरचा डबा नेमका त्याच्यावर बसवला आणि तो निघून गेला. कोळशाची जागा तीच राहिली.

मी कोळशाचा ताप बघायला खाली बसले आणि माझ्या मानेवर भट्टीचं तोंड उघडल्यासारखा झोत आला. समोरच्या भिंतीवर आपटून तो पुन्हा आमच्याच अंगावर येत होता. धोप्याची पानं वाळून पापड झाली होती. कोळसा भिंतीला चिकटून धापा टाकत होता, तरी मला पाहून त्यानं शेपटी हलवायचा शिष्टाचार पाळला.

"भोयरजी, जरा इकडे येता का? इथे बसा एक मिनिट."

ते आले आणि लुंगी सावरून उकिडवे बसले. झोत तोंडावर आला तसे ते एकदम उभे राहिले.

"अरे बाप्पा! हे त भट्टी होय!"

"तुमचा एसी आहे हा. आतली सगळी गरमी इथे बाहेर टाकतो."

"पन सकाळी मी सोता हात लावून पाह्यतो जी! थंडीच राह्यते फरशी. त्याच्याबिगर बांधत नाही मी त्याले."

"सकाळी एसी बंद असतो ना."

भोयरजींचा चेहरा बघवत नव्हता. खाणीत जन्म काढलेला माणूस, कुठली हवा कोंडते आणि कुठली खेळते हे ज्याला झोपेतही कळायचं. पण कूलर असेपर्यंत मागची खिडकी उघडी असायची. एसी आल्यावर ती बंद झाली, पडदा लागला, आणि दुपारी मागे काय होतं ते या घरानं पाहिलंच नव्हतं. त्यांनी साखळी सोडली आणि तो भलामोठा कुत्रा लेकरासारखा दोन्ही हातांवर उचलला. त्या घरात मागच्या उंबऱ्याच्या आत कुत्र्याला मज्जाव होता. भोयरकाकूंनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, देवघराचा पडदा ओढला आणि वाट दिली.

एवढ्यात भिंतीवरून विमलताईंचं डोकं वर आलं. "मी म्हणत नव्हते? मी म्हणत नव्हते काय जी?"

"तुमाले बी एसीचं कुठं मालूम होतं?" भोयरजी आतून ओरडले.

"मले एसीचं नाही, कुत्र्याचं मालूम होतं!"

दोघांचं चालू राहिलं. मी आत फरशीवर बसून कोळशाच्या पोटाला पाणी लावत होते. संध्याकाळपर्यंत ताप उतरला. घरी जाताना मी स्वतःवर बेहद्द खूश होते. रोग नुसता ओळखला नव्हता, त्याच्या झळीत बसूनही पाहिलं होतं.

हा आनंद फार टिकला नाही. थोड्याच दिवसांत भोयरजींचा फोन आला आणि त्या आवाजात दरारा नव्हता. "डॉक्टरबाई, तो उठून नाही राहिला जी. थंड्यातच ठेवलाय मी त्याले. आमच्या खोलीत. तरी उठून नाही राहिला."

जाऊन पाहिलं. हिरड्या पांढऱ्याफटक. कुत्र्याची हिरडी हा आमच्यासाठी आरसाच असतो, गुलाबी असली की आम्ही निम्मे निश्चिंत. लघवी काळ्या चहासारखी. म्हणजे रक्त फुटत होतं. उन्हानं आलेलं हे आजारपण नव्हतं. आमच्याकडे असं दिसलं की पहिला संशय गोचीड-तापाचा. रक्त घेतलं, तपासायला दिलं, काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली मी स्वतःही पाहिलं. गोचिडीचे जंतू कुठे नव्हते. मात्र तांबड्या पेशींच्या कडेला बारीक उंचवटे दिसत होते, अंगाला फोड यावा तसे. असले फोड दिसले की आम्ही एकच प्रश्न विचारतो.

"भोयरजी, कोळसा कांदा खातो का?"

"कांदा? कुत्र्याले कांदा कोन देते जी?" म्हणता म्हणता त्यांची नजर खिडकीतून मागच्या भिंतीवर गेली. "म्हंजे कोनीतरी काहीतरी देऊन राहिलं त्याले. इख देऊन राहिलं. मी आत्ताच्या आत्ता जातो पोलिसात."

मी म्हटलं, "पोलिसात मागून जा. आधी मी जाऊन येते." आणि फाटकातून निघून विमलताईंच्या दारात उभी राहिले.

विमलताईंनी कूलरसमोरची खुर्ची दिली. मी विचारलं, "ताई, तुम्ही कोळशाला काही खायला घालत होता का?"

त्यांचा चेहरा खुलला. "घालत होते नं! तो मांगं बांधून राहे तवा, रोज दुपारी. हे पाहा." त्यांनी मागच्या दाराशी टांगलेलं सुतळीचं शिंकं दाखवलं, त्यात जर्मनची ताटली. "स्टुलावर उभी राहून भितीवरून सोडत होते. भोयरच्या घरी सारे झोपून राह्यत. दहीभात अन् त्याच्यात कांदा, बारीक चिरून. चांगला भरपूर. उन्हाची लू नाही लागली पाह्यजे नं त्याले! माहे भाऊ वावरात जात त माही माय त्याईच्या खिशात कांदा टाकल्याबिगर जाऊ नाही दे. आंधी खायेच नाही कोळसा, दही पाहून खाऊ लागला. त्या कांद्यानंच त वाचला तो इतके दिवस."

या बाईला काय सांगायचं? कांदा कुत्र्याचं रक्त फोडतो. एखाद्या दिवशी चुकून फोड खाल्ली तर निभावतं, पण रोज, भरपूर, बारीक चिरून, प्रेमानं घातला तर कुत्रा आतून पांढरा पडत जातो. हे मी जमेल तितक्या हळू सांगितलं. कितीही हळू सांगितलं तरी ते तेच राहतं.

विमलताईंनी दाराशी टांगलेलं शिंकं खाली काढलं. मग म्हणाल्या, "म्हंजे मीच."

"ताई, हे नागपुरात कोणीही केलं असतं," मी म्हटलं आणि माझी पिशवी उघडून त्यांच्यापुढे धरली. स्टेथोस्कोप, इंजेक्शनं, थर्मामीटर, आणि कोपऱ्यात एक चांगला लाल कांदा. मी पशुवैद्यकाची पदवीधर बाई, पण एप्रिल लागला की कांद्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकत नाही. माझ्या आईनंही टाकू दिलं नसतं. विमलताईंनी कांद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं. माझेही डोळे भरून आले, आणि त्याला कांदा कारण नव्हता.

आता राहिले भोयरजी. त्यांना सांगितलं तेव्हा ते ताडकन उठले. "पाह्यलं? मी म्हटलं होतं! चला पोलिसात!"

"चला," मी म्हटलं. "पण तक्रार दोघांची करू. तुम्ही त्याला भाजत होता आणि त्या त्याला कांदा चारत होत्या. मी साक्षीदार. दोघांच्याही बाजूनं सांगेन, की आरोपींचा कुत्र्यावर फार जीव होता."

भोयरकाकू तोंडाला पदर लावून आत गेल्या. हसत होत्या की काय, ते कळलं नाही. भोयरजी खाली बसले.

पण खरी अडचण तिथून पुढे सुरू झाली. या आजारावर जादूचं औषध नाही. कांदा थांबवायचा, सलाईन द्यायचं, ताकदीची इंजेक्शनं द्यायची आणि कुत्र्याच्या हाडांनी नवं रक्त तयार करायची वाट बघायची. त्यासाठी त्यानं खायला हवं, आणि कोळसा खात नव्हता. भोयरजींनी कलेजी शिजवली, स्वतःच्या हातानं. अंडी उकडली. भोयरकाकूंनी, ज्यांनी त्याला कधी उंबरा ओलांडू दिला नव्हता, त्यांनी दुधात पोळी कुस्करून त्याच्यापुढे धरली. तो तोंड फिरवायचा. हिरड्या तशाच पांढऱ्या. मी रोज जात होते आणि रोज त्यांना धीर देत होते. खरं सांगायचं तर माझाच धीर सुटत चालला होता. आणखी काही दिवस हे असंच राहिलं असतं तर कोळसा गेला असता.

दुपार झाली मात्र, की तो अंगातलं सगळं बळ एकवटून उठायचा, ओढत ओढत मागच्या दारापर्यंत जायचा आणि दार उघडेपर्यंत कण्हायचा. दार उघडलं की भिंतीशी जाऊन वर बघत बसायचा. एसी त्या वेळी आता बंद असे, भोयरजींनी तशी सक्त ताकीद दिली होती. स्वतः पंख्याखाली घामाघूम होऊन बसायचे.

"काहून जाते जी तो तिथं?" त्यांनी मला विचारलं. मला वाटतं, उत्तर त्यांना ठाऊक होतं.

"ताटलीची वाट बघतो," मी म्हटलं.

पण पलीकडचं स्टूल भिंतीजवळून उचललेलं होतं. विमलताईंनी मागचं दार लावून घेतलं होतं. मी सांगून पाहिलं, की नुसता दहीभात चालेल, चांगलाच आहे. त्यांनी हात जोडले. "नाही जी. ह्या हातानं पुन्हा नाही. काही झालं त तो मानूस मले जगू देनार नाही, अन् मी सोताले बी नाही."

भोयरकाकूंनी तसाच दहीभात करून पाहिला. कोळशानं हुंगला आणि पुन्हा भिंतीकडे पाहू लागला. जनावरांची ही खोड मी बैलांतही पाहिली आहे. आजारी बैल धन्याच्या हातची हिरवीगार वैरण सोडतो आणि घरातल्या म्हातारीनं कडबा धरला तर खातो. पुस्तकात याला नाव असेल. मला इतकंच ठाऊक, की आजारात जनावराला अन्नाच्या आधी हात लागतो.

"डॉक्टरबाई, तुम्ही सांगा नं तिले," भोयरजी म्हणाले. "तुमचं ऐकन ते."

"माझं ऐकून झालं त्यांचं. इंजेक्शन द्यायचं असेल तर मला सांगा. हे काम माझं नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सलाईन लावायला गेले तेव्हा भोयरजी मागच्या बोळीत उभे होते. कोळसा त्यांच्या पायाशी पडलेला, मान वर. भोयरजींनी घसा खाकरला. आजवर त्यांच्या तोंडी 'ते बाई', नाहीतर 'बाजूवाली', याखेरीज नाव नव्हतं.

"विमलताई," ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले. पलीकडचं दार बंदच राहिलं. मग खाणीतला तो आवाज त्यांनी मोकळा सोडला. "ओ विमलताई! माहा कुत्रा मरून राहिला जी. तुमच्या हातचंच खाते म्हणते तो. मी काय करू आता, तुम्हीच सांगा."

पलीकडे दार उघडल्याचा आवाज आला. मग भांड्यांचा आवाज, मग स्टूल सरकवल्याचा. कोळशाचे कान उभे राहिले. भिंतीवर सुतळीचं शिंकं दिसलं.

"सुतळी नोका सोडू," भोयरजी म्हणाले. "फाटकातून या."

विमलताई फाटकातून आल्या. बसायला बोलावणं येईल असं ते घर त्यांच्यासाठी आजवर नव्हतं. त्या पुढच्या खोलीतून, देवघरावरून, स्वयंपाकघरातून चालत मागे आल्या, तेव्हा भोयरकाकू त्यांच्यामागून येत होत्या. विमलताईंच्या डोक्यावर पदर, दोन्ही हातांत ताटली. कोळशाकडे न जाता त्या आधी भोयरजींपुढे उभ्या राहिल्या आणि ताटली त्यांच्यासमोर धरली.

"पाहून घ्या भोयरजी. चांगलं चिवडून पाहा. कांदा नाही."

भोयरजींनी ताटलीकडे पाहिलंच नाही. "पाहाचं काय त्यात? द्या तुम्ही त्याले."

विमलताई खाली बसल्या. ताटली ठेवली, चार बोटांनी भात सारखा केला आणि म्हणाल्या, "खा रे राजा. चुकलं माह्यं." कोळशानं नाक खुपसलं. पहिला घास तोंडातच राहिला, दुसरा गेला, आणि मग जिभेचा तो आवाज सुरू झाला, जो ऐकायला मी इतके दिवस कान लावून बसले होते. भोयरजी भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसत होते. घाम होता, असं त्यांचं म्हणणं पडलं.

मी मात्र डॉक्टर. सवय काही जात नाही. मी गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि कोळशाच्या तोंडाखालच्या ताटलीत नीट बघून घेतलं. दही, भात, मीठ. मान वर केली तर भोयरजी माझ्याकडे डोळे वटारून पाहत होते.

"डॉक्टरबाई," ते म्हणाले, "वाकू वाकू काय पाह्यता जी त्या ताटात? घरचीच बाई होय ते."